पंचवीस लाखांचं स्थळ

पत्र (थोडक्यात):

"ताई, मी 27 वर्षांची. आमचं गाव निफाड तालुक्यात, घरची तीन एकर द्राक्षबाग. मी नाशिकला पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, पगार 26 हजार. चार वर्षांपासून माझं एका मुलावर प्रेम आहे. तो अंबडच्या एमआयडीसीत सीएनसी विभागात सुपरवायझर आहे, पगार 34 हजार, जात वेगळी. घरी सांगितलेलं नाही, आईला अंदाज असावा. दोन वर्षं अवकाळीने बाग गेली. बाबांवर पतसंस्थेचे 14 लाख (घर तारण), बँकेचं पीककर्ज 6 लाख आणि गावातल्या एकाचे 5 लाख आहेत. त्याचं व्याज महिना 3 टक्के, तीन वर्षं बाबा नुसतं व्याजच भरतायत. त्याने 30 गुंठ्यांचं खरेदीखत स्वतःच्या नावावर करून घेतलंय, 'पैसे द्या, रान परत देतो' म्हणतो. आता पुण्याकडच्या एका कंत्राटदाराच्या घरचं स्थळ आलंय. मुलगा 33 वर्षांचा. 'हुंडा नको, मुलगी आणि नारळ द्या, तुमच्या कर्जाचं आम्ही बघतो' असा मध्यस्थाचा निरोप आहे. लग्नानंतर नोकरी सोडायची. आखाड लागायच्या आत सुपारी फोडायची म्हणतात. बाबा रात्री झोपत नाहीत. मी नाही म्हटलं आणि त्यांनी स्वतःचं काही बरंवाईट करून घेतलं तर? भाऊ इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रेम की घर, तुम्हीच सांगा."

उत्तर:

तुझ्या पत्रात प्रेमाबद्दल एक वाक्य आहे, बाकी सगळं कर्ज. त्यामुळे मीही बराच वेळ कर्जाबद्दलच बोलणार आहे. पण त्याआधी बाबा.

"रात्री झोपत नाहीत" हे तू मध्येच लिहून पुढे गेलीस. ते आधी हातात घ्यायला हवं. या शनिवारी गावी जा आणि त्यांना एकटं गाठून सरळ विचार, "बाबा, जगणं नको असं मनात येतं का?" असं विचारलं की तो विचार डोक्यात शिरतो, ही समजूत खोटी आहे. उलट माणसाला बोलायला वाट मिळते. उत्तर "हो" आलं, किंवा ते कुणाचे किती द्यायचे त्याची निरवानिरव करताना दिसले, तर त्यांना एकटं ठेवू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा नंबर चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. बाबा बोलायला तयार नसतील तर तू आणि आईने आधी बोला, पुढे काय करायचं ते तिथे सांगतात. फवारणीची औषधं ठेवता त्या खोलीला आजपासून कुलूप आणि किल्ली आईकडे. हे सगळं तुझ्या लग्नाच्या निर्णयाची वाट बघत थांबायचं नाही. तू उद्या त्या स्थळाला हो म्हटलीस तरी हे करायचंच आहे, कारण त्यांची झोप उडाली आहे ती तगाद्याने आणि हिशेब लागत नसल्याने, आणि त्यावर उपचार वेगळे असतात.

आता कर्ज. तिन्ही मिळून 25 लाख हा आकडा तू एका श्वासात म्हणतेस, म्हणून तो डोंगर वाटतो. तिन्ही कर्जं वेगवेगळ्या जातीची आहेत आणि तिघांचे कायदे वेगळे आहेत.

सर्वांत आधी सावकार. तो परवानाधारक आहे का, हे तालुक्याच्या सहायक निबंधकांच्या (सहकारी संस्था) कार्यालयात कळतं. बहुधा नसेल, महिना 3 टक्के घेणाऱ्याकडे परवाना सहसा नसतो, कारण परवाना असला तर इतकं व्याज घेताच येत नाही. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम 2014 खाली राज्य सरकारने ठरवलेले वार्षिक दर असे आहेत: शेतकऱ्याला तारण कर्जावर 9 टक्के, विनातारण 12 टक्के, इतरांना 15 आणि 18. तुमच्याकडून वर्षाला 36 टक्के वसूल होतायत. महिना 15 हजार, 36 महिन्यांचे 5 लाख 40 हजार गेले. याच कायद्यात दामदुपटीचा नियम आहे: मुद्दलापेक्षा जास्त व्याज सावकाराला वसूल करता येत नाही. म्हणजे 5 लाखांवर 5 लाखांच्या पुढे व्याज घेण्याचा हक्क परवाना असलेल्यालाही नाही, आणि तुम्ही ती रेघ ओलांडली आहे. सरकारी 12 टक्के दराने सरळ व्याज लावून बघ: तीन वर्षांचं 1 लाख 80 हजार होतं, मुद्दल धरून 6 लाख 80 हजार. दिलेले 5 लाख 40 हजार वजा केले तर उरतात 1 लाख 40 हजार. याला निकाल समजू नकोस, बोलणी सुरू करायचा आकडा समज. तुझे बाबा मात्र आजही "5 लाख बाकी" असंच धरून बसले असतील.

त्याहून मोठी गोष्ट ते 30 गुंठे. निफाडात 30 गुंठे बागायत 5 लाखांना कोण देतं? याच कायद्याच्या कलम 18 मध्ये तरतूद आहे: सावकारीच्या व्यवहारातून खरेदीखत, गहाण वगैरे मार्गाने गेल्या 15 वर्षांत सावकाराच्या ताब्यात गेलेल्या जमिनीबद्दल कर्जदाराला जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. चौकशीत व्यवहार सावकारीचा ठरला तर ते खरेदीखत अवैध ठरवून जमीन परत देण्याचा आदेश काढू शकतात. सगळा खेळ "हे पैसे कर्जाचे होते" हे दाखवण्यावर आहे. खरेदीखतानंतरही दर महिन्याला 15 हजार कशाचे जात होते? हाच सर्वांत मजबूत पुरावा, कारण रान विकणारा माणूस घेणाऱ्याला दरमहा पैसे देत नाही. फोन-पेच्या नोंदी, बँकेचं स्टेटमेंट, त्याने घेऊन ठेवलेल्या कोऱ्या चेकचे नंबर, व्हॉट्सअॅपवरचा तगादा, रान आजही तुम्हीच कसता याचे साक्षीदार, खरेदीखतातली रक्कम आणि त्या वर्षीचा रेडीरेकनरचा (जमिनीचा सरकारी) भाव, हे एका फाइलीत लाव. रोखीने दिलेलं सिद्ध करणं अवघड जातं, म्हणून इथून पुढे त्याला एक रुपयाही रोख द्यायचा नाही. विनापरवाना सावकारीला या कायद्यात पाच वर्षांपर्यंत कैद आहे. अर्ज पडला की तो माणूस चिडणार आणि गावातले दोघे-तिघे "मिटवून घ्या" म्हणत येणार. मिटवायला हरकत नाही, पण मिटवणं म्हणजे दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात उलटं खरेदीखत, रान पुन्हा बाबांच्या नावावर. तोंडी शब्दावर अर्ज मागे घेतला की पहिल्यापेक्षा वाईट जागी जाल. वकिलाचा खर्च नको असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता तिथे मोफत वकील मिळतो, हेल्पलाइन 15100. आणि रान वडिलोपार्जित असेल तर हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीनंतर त्यात तुझाही जन्मतः हिस्सा आहे. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2020 मध्ये विनीता शर्मा खटल्यात ते पुन्हा पक्कं केलं. तेव्हा तूही अर्जदार होऊ शकतेस का, हे त्या वकिलाला विचार. तीन कर्जांत हे सर्वांत लहान, पण सर्वांत जास्त चटके देणारं आणि सर्वांत जास्त सुटण्यासारखं आहे.

पीककर्ज 6 लाख. सरफेसी (कोर्टात न जाता तारण जप्त करू देणाऱ्या) कायद्याखाली बँकेला शेतजमीन जप्त करता येत नाही, कायद्यातच ती वगळली आहे. वसुलीच्या इतर वाटा असतात, पण त्या लांबच्या. अवकाळीचे पंचनामे झाले असतील तर त्याची प्रत घेऊन शाखेत पुनर्गठनाचा (कर्जाची मुदत आणि हप्ते नव्याने बांधून घ्यायचा) लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. एकरकमी तडजोडीचा मोह होईल, कारण आकडा बराच खाली येतो. पण सिबिलला "सेटल्ड" असा शेरा बसतो आणि पुढच्या हंगामाला नवं पीककर्ज उभं करताना तोच आडवा येतो. बाग चालू ठेवायची असेल तर पुनर्गठन बरं. कर्जमाफीवर गणित बांधू नका. 2017 च्या योजनेची मर्यादा दीड लाख होती, 2019 च्या योजनेची दोन लाख.

खरं भय पतसंस्थेच्या 14 लाखांचं, कारण तिथे घर आहे. पतसंस्था सहकार कायद्याच्या कलम 101 खाली निबंधकाकडे वसुली दाखला मागते. त्याची नोटीस येते, सुनावणीची तारीख असते, आणि नव्वद टक्के लोक "जाऊन काय सांगायचं" म्हणून जातच नाहीत. (हे नव्वद मी अंदाजाने म्हणते, पण ज्याला विचारशील तो हेच सांगेल.) व्याज चुकीचं लावलंय, भरणा जमा धरलेला नाही, दंडव्याजावर व्याज चढवलंय, हे सगळं त्या सुनावणीतच मांडायचं असतं. एकदा दाखला निघाला की त्याविरुद्ध फेरतपासणी अर्ज करायला दाखल्यातल्या रकमेच्या निम्मी रक्कम आधी भरावी लागते. निम्मी म्हणजे 7 लाख, तुम्ही कुठून आणणार? म्हणून नोटीस आली आहे का, कुठल्या तारखेची आहे, हे याच आठवड्यात कपाटं उघडून बघा. बायकांच्या नकळत नोटिसा गादीखाली ठेवायची पुरुषांना सवय असते. सोबत खातेउतारा मागा, कर्ज दिल्यापासूनचा. त्यावर 14 टक्के दर असेल असं धरलं आणि दहा वर्षांची नवी मुदत मिळाली तर हप्ता साधारण 21,700 बसतो. आज सावकाराला 15 हजार जातातच. ते थांबले की तुझ्या पगारातले सात-आठ हजार घातल्यावर हा हप्ता उभा राहतो. त्या परत आलेल्या 30 गुंठ्यांतले 10-15 गुंठे विकून मुद्दल खाली आणलं तर हप्ता अजून उतरतो. मात्र बागायती शेताचा 10 गुंठ्यांहून लहान तुकडा वेगळा विकता येत नाही, आणि विक्रीआधी सातबाऱ्याच्या इतर हक्कांत बँकेचा बोजा आहे का ते बघा.

आणखी एक कागद तपास: या कर्जांवर जामीनदार म्हणून तुझी किंवा भावाची सही आहे का? सही असेल तर तू कर्जदाराइतकीच बांधील. नसेल तर बापाचं कर्ज मुलांच्या पगारातून वसूल करता येत नाही. बाप गेल्यावरसुद्धा वारसांवर येतं ते मिळालेल्या मालमत्तेपुरतंच. तुला हात वर करायला सुचवत नाही. तू देशील ते कर्तव्य म्हणून देशील, कायद्याच्या धाकाने नव्हे, एवढं कळलं की माणूस सरळ उभा राहतो.

आता "कर्जाचं आम्ही बघतो" हे वाक्य. त्यात किती दिवसांत, कुणाच्या खात्यातून, कुणाच्या नावावर, परत घ्यायचे की नाही, यातलं काहीही नाही. बैठकीत याद्या करतानाही ते कागदावर येणार नाही, आणि आलं तरी उपयोग नाही. हुंडा प्रतिबंधक कायदा 1961 ची व्याख्या दोन्ही बाजूंनी चालते: लग्नाच्या बदल्यात मुलाकडच्यांनी मुलीकडच्यांना द्यायचं ठरवलेलंही त्यात बसतं. असा करार कायद्याने रद्दबातल असतो. साध्या भाषेत, लग्न लागलं आणि नंतर ते म्हणाले "बघू पुढच्या वर्षी", तर बाबांना कुठल्याही कोर्टात तो शब्द वसूल करता येणार नाही. तू गेलेली असशील आणि पतसंस्थेचा हप्ता तसाच उभा असेल. हे वारंवार घडतं: आधी साखरपुड्याला दोन-तीन लाख येतात, सावकाराचं तोंड बंद होतं, लग्न होतं, मग बिल अडकलं, साइट बंद पडली.

समज, त्यांनी खरोखर 25 लाख दिले. मग पुढचे प्रश्न. देणारा कंत्राटदार असला तर रोख द्यायची ओढ असते. 20 हजारांपासून पुढचं कर्ज रोखीने घेणं आयकर कायद्याला चालत नाही, तेवढाच दंड घेणाऱ्याला, म्हणजे बाबांना. "भेट" म्हणून दिले तर? लग्नातली भेट करमुक्त असते ती वधूवरांना, वधूपित्याला नाही. व्याही हे आयकराच्या नातेवाइकांच्या यादीत बसत नाहीत (जावई बसतो, ही गंमत), त्यामुळे व्याह्यांकडून आलेली रक्कम 50 हजारांच्या वर गेली की ती सगळीच बाबांचं उत्पन्न धरली जाईल. मग ते म्हणतील, "तसं नको, विश्वासाखातर एक एकर आमच्या नावावर करा." म्हणजे एका खरेदीखतातून सुटून दुसऱ्यात.

कागदाच्या पलीकडची गोष्ट तुला माझ्यापेक्षा जास्त कळते. पतसंस्थेकडे घर तारण आहे, सावकाराकडे रान तारण आहे, व्याह्यांकडे तू असशील. पहिल्या भांडणात "तुझ्या बापाचं कर्ज आम्ही फेडलंय" हे वाक्य येईल आणि त्याला उत्तर नसेल. उद्या काही बिनसलं, तू माहेरी आलीस, तर बाबा तुझी बाजू घेऊन त्यांच्यासमोर बसू शकतील का? नोकरी सोडलेली, स्वतःचं उत्पन्न शून्य, आणि माघारी यायचं तर 25 लाखांचा हिशेब दारात. नोकरी सोडायची अट एकटी आली असती तर मी ती वेगळ्या नजरेने बघितली असती. कर्ज फेडण्याच्या शब्दासोबत ती आली, की दोन्ही मिळून फार जड होतं.

पैसेवालं स्थळ म्हणजे वाईट माणसं, असं मात्र मी म्हणणार नाही. सुखवस्तू घर बघून लग्न करणं हा गुन्हा नव्हे, आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या मुलींचे आई-बाप तेच बघत आले आणि त्यात बऱ्याच जणींचं चांगलंही झालं. मला खटकतं ते इतकंच की हुंड्याच्या बाजारात वरचढ असलेलं घर उलट 25 लाख द्यायला का तयार आहे आणि आखाडाची एवढी घाई कसली. कारण निरुपद्रवी असू शकतं: मुलाचं वय वाढलंय, शिकलेली मुलगी हवीय, गोतावळ्यात मुली नाहीत. कारण आधीचं मोडलेलं लग्न, आजार, दारू किंवा चालू खटलाही असू शकतं. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर मुलाच्या आणि वडिलांच्या नावाने पुणे जिल्ह्यात शोध घे. वैवाहिक दावा, चेक न वटल्याचे खटले, बरंचसं दिसतं. त्यांच्या फर्मचा जीएसटी क्रमांक चालू आहे की रद्द, हे जीएसटी पोर्टलवर फुकट कळतं. बिलं अडकलेल्या कंत्राटदाराच्या दारातली फॉर्च्युनर बऱ्याचदा हप्त्यावर असते. आणि मुलाशी मध्यस्थाशिवाय, वहिनीशिवाय, तासभर बोल. त्याला एकच विचार: "कर्ज फेडायचं हे तुमचं मत की वडिलांचं?" कदाचित त्याला हा निरोप माहीतच नसेल.

आता तुझा तो. चार वर्षं, पण तुम्ही एकमेकांना पैशाच्या अडचणीत पाहिलंय का? कॉलेज रोडवरच्या कॉफीत माणूस कळतो तो अर्धा. येत्या रविवारी तीन कर्जांचा कागद त्याच्यासमोर ठेव आणि काही न बोलता बघ. "तुझ्या बाबांचं कर्ज, माझा काय संबंध" म्हणाला तर काळजी कर. "मी सगळं फेडतो, तू फक्त हो म्हण" म्हणाला तर जास्त काळजी कर, कारण 34 हजारांत ते होत नाही आणि न होणारा शब्द देणारा माणूस पुढे चिडतो. "महिना किती लागतील, किती वर्षं?" असं विचारणारा निघाला तर तो कामाचा. मग त्याचाही कागद माग: सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, स्वतःचा सिबिल अहवाल (वर्षातून एकदा मोफत मिळतो), घरी किती पाठवतो, बहिणीचं लग्न, गावचं घर, गाडीचा हप्ता, नोकरी कायम की कंत्राटी. लाजू नकोस, तूही तुझा दे.

दोघांचे मिळून 60 हजार येतात. नाशिकमध्ये सिडकोकडे दोन खोल्यांचं भाडं, किराणा, दोन गाड्यांचं पेट्रोल, त्याच्या घरी पाठवायचे, हे लिहून काढा आणि तुझ्या माहेरच्या हप्त्यासाठी एक ठरावीक रक्कम ठरवा. सात-आठ हजार म्हण. ती पाच वर्षांसाठी, थेट पतसंस्थेच्या कर्जखात्यात, तुझ्या खात्यातून. बाबांच्या हातात रोख नको, नाहीतर ती फवारणीच्या औषधांच्या दुकानाच्या उधारीत जाते. हे लग्नाआधी ठरलं नाही तर दुसऱ्या वर्षी बाळाच्या खर्चासोबत हाच विषय भांडण होऊन येतो. प्रेमाच्या लग्नातही हे कर्ज तुझ्यासोबत येणारच आहे, फक्त तिथे त्याचा आकडा ठरवण्यात तुझा शब्द चालेल.

त्याच्या घरी तुझ्याबद्दल माहीत आहे का, हे तू लिहिलेलंच नाहीस. चार वर्षांत त्याने घरी शब्द काढला नसेल तर मुदत दे, महिनाभराची. ती उलटली आणि तरीही या स्थळाला नकार द्यायचा असेल, तर तो त्याच्या भरवशावर देऊ नकोस, स्वतःच्या कारणाने दे.

कायद्याने जात आडवी येत नाही. दोघं हिंदू असाल तर विधी करून लग्न लावून नोंदणी करता येते. विशेष विवाह कायदा 1954 खाली करायचं असेल तर दोघांपैकी एकाचा त्या जिल्ह्यात सलग 30 दिवस रहिवास लागतो, नोटिशीनंतर 30 दिवस थांबावं लागतं, तीन साक्षीदार लागतात आणि नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर नोटीस बाद होते. नोटीस लागते, म्हणून घरी त्याआधी तू स्वतः सांगितलेलं बरं. मुलीच्या लग्नाची बातमी बापाला तिसऱ्याकडून कळली की तो पुढचं काहीच ऐकत नाही. धाक, कोंडून ठेवणं असं काही झालं तर 112 (पोलिस) आणि 181 (महिला हेल्पलाइन). तुमच्या घरचं वळण तसं वाटत नाही, पण नंबर जवळ असावेत.

घरी सांगायचा क्रम उलटा ठेव. आधी कर्जाची फाइल, मग स्थळ, मग तो. आईला आधी विश्वासात घे. तुझ्या बाजूने बोलेल असा एक मोठा माणूस शोध, मामा किंवा आत्याचे यजमान, ज्यांचं बाबा ऐकतात आणि ज्यांनी बाबांना पैसे दिलेले नाहीत. बाबांसमोर "मी त्याच्यावर प्रेम करते" हे पहिलं वाक्य नको. पहिलं वाक्य असं: "बाबा, सावकाराला आजवर 5 लाख 40 हजार गेलेत आणि कायद्याने त्याला आता व्याज मागता येत नाही, मी सोमवारी उपनिबंधकांकडे जाऊन येणार आहे, तुम्ही येता का?" ज्या दिवशी पोरगी कर्जाला हात घालते त्या दिवशी ती घरातली मोठी होते. मग पंधरा दिवसांनी तिच्या लग्नाचं बोलणं वेगळ्या आवाजात होतं. मधल्या काळात कुणी हक्कसोडपत्रावर सही मागितली, अगदी "कर्जासाठी लागतंय" म्हणून, तरी वकिलाला दाखवल्याशिवाय करू नकोस.

हे सगळं करूनही तुझं मन त्या पुण्याच्या स्थळाकडे वळलं, मुलगा खरंच आवडला, तर तेही कर. फक्त तेव्हा कर्ज बैठकीतून बाहेर काढ. व्याह्यांना मदत करायचीच असेल तर लग्नानंतर वर्षभराने, बाबांशी साधा कर्जाचा लेखी करार करून, बँकेतून, हप्ते आणि मुदत लिहून, त्यात लग्नाचा उल्लेख नको. नोकरी सोडू नकोस, बदलून घे; लॅब पुण्यातही आहेत. अंगावर घातलेल्या सोन्याची यादी दोन्हीकडच्या सह्यांनी, वजन, बिल आणि दागिन्यावरच्या अक्षरं-आकडे मिळून सहा खुणांच्या एचयूआयडीसकट (हॉलमार्कचा क्रमांक), आणि लॉकर तुझ्या नावावर. ते स्त्रीधन, त्यावर दुसऱ्या कुणाचा हक्क नाही. पण त्या मुलाशी लग्न करताना याच्याशी फोन चालू, असं अर्धंमुर्धं काही नको. तिघांचं वाटोळं होतं.

मध्यस्थाला आज एवढाच निरोप दे, बाबांच्या तोंडून गेला तर उत्तम: "आम्हाला तीन आठवडे हवेत. देण्याघेण्याचा विषय आमच्याकडून बंद आहे, कर्जाचा निरोप त्यांनी परत घ्यावा. त्यानंतरही त्यांना मुलगी बघायची इच्छा असेल तर कळवा." त्यांचं उत्तर काय येतं ते मला लिही. सोबत पतसंस्थेच्या खातेउताऱ्याचा फोटो पाठव, खातेक्रमांक झाकून. त्यात दंडव्याज कुठून धरलंय ते बघू.